पापणीतला धागा

मास्तरनं शिट्टी मारली आणि दिगंबर कलशेट्टीच्या हातातलं चाक थंड पडलं.

चाक थंड पडणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हाताखालची बारीक थरथर एकदम थांबायची, रस्त्याचा जडपणा नाहीसा व्हायचा आणि कुठंतरी लांब धावणारा ट्रक शेजारच्या माणसाच्या ताब्यात जायचा. आत्ता तो ट्रक तुळजापूरच्या घाटाच्या तोंडाशी होता, पोटात सिमेंटची पोती होती आणि शेजारचा माणूस हुसेन नदाफ होता.

"झोपला होतास का बे?" हुसेननं चाक धरत विचारलं.

"टक्क जागा होतो."

"मला दिसतंय की. मला काय सांगतोस? मास्तरला सांग."

मास्तर म्हणजे पडद्याच्या वर बसवलेला, बोटाएवढा कॅमेरा. ट्रक स्वतःचे स्वतः धावायला लागून आता बरीच वर्षं झाली होती. सरळ रस्त्यावर त्यांना कुणाची गरज लागत नसे. पण घाट आला, आठवडी बाजार रस्त्यावर उतरला, वरात आडवी आली, की यंत्राची मती गुंग व्हायची आणि ते सोलापुरातल्या या खोलीत हाक मारायचं. तिथं जुने ड्रायव्हर जोडीजोडीनं बसलेले असत. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं शेजारी तयार राहायचं. कायद्याची अट एकच होती, चाक धरणारा माणूस जागा हवा. आणि तो जागा आहे की नाही हे मास्तर ठरवायचा.

मास्तरची रीत तशी साधी आणि शास्त्राला धरून होती. डुलकी लागणाऱ्या माणसाची पापणी फटकन मिटत नाही. ती हळूहळू, तेल ओघळावं तशी खाली येते. मिनिटातला किती वेळ बाहुली पापणीखाली झाकलेली होती एवढंच मास्तर मोजायचा. पण त्याला हे मोजणं शिकवलं ते तिशी-पस्तिशीतल्या डोळ्यांवर. दिगंबर साठीच्या पुढं होता. त्याच्या वरच्या पापण्या सैल पडून बाहुलीच्या मध्यावर येऊन टेकल्या होत्या. समोरचं नीट दिसावं म्हणून तो दिवसभर भुवया वर ताणून धरायचा, त्यामुळं कपाळावर कायमच्या आठ्या पडल्या होत्या आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. मास्तरच्या लेखी मात्र हा माणूस कायमचा पेंगत होता.

खोलीची व्यवस्था बघणारी निंबर्गी मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"काका, मला तुम्हाला चाकावरून उठवायचं नाहीये. पण एवढ्या शिट्ट्यांनंतर नियमाप्रमाणे मला ते करावं लागेल. डोळे दाखवून या ना एकदा. हल्ली पुष्कळ उपाय आहेत."

"हो, दाखवतो," दिगंबर म्हणाला. त्याला वाद घालता यायचा नाही. आपलंच काही चुकत असणार असं त्याला आधीपासूनच वाटत असे.

चाक सुटलं तर त्याला वाईट वाटलं नसतं. खरं सांगायचं तर सुटकाच वाटली असती. पण त्याच्या बायकोच्या, महानंदाच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे, आणि तो सगळा उपचार दिगंबरच्या नोकरीला बांधलेला होता. निवृत्तीचं वय येईपर्यंत चाक धरून ठेवलं तर उपचार पुढंही जन्मभर चालणार होता. मधेच सुटलं तर नाही.

*

डॉक्टर मंगळवेढेकरांनी त्याला हनुवटी टेकवायला लावली, भुवई बोटानं दाबून धरली आणि वर बघायला सांगितलं. पापणी जेमतेम हलली.

"दोन गोष्टी झाल्यात," त्या म्हणाल्या. "एक तर कातडी सैल झालीय. ते सगळ्यांचंच होतं. दुसरं म्हणजे, पापणी वर ओढणारा एक स्नायू असतो, तो पापणीला एका पातळ पडद्यानं बांधलेला असतो. तो पडदा वयानं ताणला गेलाय. जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा. स्नायू ओढतोय, पण पापणीपर्यंत ओढ पोचत नाही."

"शस्त्रक्रिया?"

"करता येते. जादा कातडी काढायची, पडद्याला टाके घालून आखूड करायचा. चांगली जुनी शस्त्रक्रिया आहे, मी स्वतः पुष्कळ केल्यात. पण तुमच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डोळ्यामागं रक्त साकळलं तर दृष्टी जाऊ शकते. मी तो धोका घेणार नाही."

मग त्यांनी बिनचिरफाडीचे उपाय सांगितले. थेंब होते, ते घातले की पापणीतला दुसरा एक छोटा स्नायू आखडतो आणि पापणी जराशी उचलली जाते, पण तो परिणाम दिगंबरची पाळी संपायच्या आत उतरला असता, आणि रक्तदाबामुळं पुन्हा पुन्हा घालायची सोय नव्हती. शेक देऊन कातडी आवळणारं यंत्र होतं. त्यानं सुरकुत्या कमी होत, पापणी उचलली जात नसे. चष्म्याला आतून बारीक तारेची कमान लावून पापणी टेकवून ठेवायचीही पद्धत होती. ती तार पापणीवर सावली पाडे आणि मास्तर तिलाच पापणी समजून आणखी शिट्ट्या मारी, हे खोलीतल्या एका म्हाताऱ्यानं अनुभवलं होतं.

"आणि मग हा," असं म्हणून डॉक्टरांनी काचेच्या नळीतला एक केस त्याच्यासमोर धरला. केसच वाटला त्याला.

तो धागा होता. विजेचा अगदी पुसटसा स्पर्श झाला की आखडणाऱ्या एका पदार्थाचा. सुईनं तो पापणीतून ओवायचा आणि भुवईच्या स्नायूला अडकवायचा. चिरफाड नाही, टाके नाहीत. लागणारी वीज पापणीच्या उघडझापेतूनच तयार होई. पापणी मिटायचा हुकूम मेंदूकडून झटक्यात आला, धूळ उडाली किंवा नुसतं पापणी लवायचं झालं, तर धागा वाट मोकळी करून देई. पण पापणी हळूहळू सैल पडायला लागली की तो आखडे आणि तिला जागच्या जागी धरून ठेवी.

"इथंच नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "वयानं आलेलं सैलपण आणि थकव्यानं आलेलं सैलपण यातला फरक धाग्याला कळत नाही. माणूस दमला की सगळ्यात आधी पापणी सांगते. हा धागा तिला सांगू देणार नाही. जागं ठेवायचं काम तो करत नाही, फक्त उघडं ठेवायचं करतो. झोपताना ही चकती कानशिलाला लावायची, म्हणजे धागा ढिला पडेल." त्यांनी बटणाएवढी लोहचुंबकाची चकती त्याच्या हातावर ठेवली. "समजलं ना?"

"समजलं," दिगंबर म्हणाला. तो त्या वेळी महानंदाच्या पुढच्या तारखेचा विचार करत होता.

उठताना त्याचं लक्ष डॉक्टरांच्या डोळ्यांकडं गेलं. त्यांच्या पापण्याही चांगल्याच उतरल्या होत्या. त्याला विचारायचा धीर झाला नसता, पण त्यांनीच ओळखलं.

"मी का नाही बसवला, असंच ना? संध्याकाळी आमच्या सिस्टर माझ्या डोळ्यांकडं बघतात आणि बाहेरच्या पेशंटना सांगतात, आता उद्या या. मला स्वतःला ते सांगता येत नाही."

*

पहिल्या दिवशी महानंदा त्याला बघून खुदकन हसली.

"अहो, असं काय बघताय? लग्नाला बघायला आला होतात तेव्हासुद्धा एवढं टक लावून बघितलं नव्हतं."

आरशात बघायला दिगंबरला ओशाळल्यासारखं झालं. चेहरा त्याचाच होता, पण कुणीतरी चांगली बातमी सांगितल्यासारखा. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. डोकं ठणकायचं थांबलं होतं. मास्तरनं त्या आठवड्यात एकदाही शिट्टी मारली नाही. हैदराबादहून मुलगी, पल्लवी, पडद्यावर बघून म्हणाली, "आप्पा, तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात." त्याला बरं वाटलं. बरं वाटलं नव्हतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

हळूहळू एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली. घरी आल्यावर "पडा जरा" असं त्याला कुणी म्हणेनासं झालं होतं.

पूर्वी तो दारात चपला काढायचा तेव्हा महानंदा त्याच्या तोंडाकडं एकदा बघायची. मग ती म्हणायची, "आज भाकरी थापत बसू नका, कालची कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे, तेवढं पुरे." किंवा काहीच न बोलता खिडकीचा पडदा ओढायची. डायलिसिसला तिच्याशेजारच्या स्टुलावर तो पेंगायला लागला की तिथली सिस्टर त्याला रिकाम्या कॉटवर नेऊन आडवं करायची. "काका, तुमचाच पेशंट होईल," म्हणायची. आता तीच सिस्टर त्याच्याशी गप्पा मारत बसे. सोसायटीच्या टाकीचं काम कुणी बघायचं, शेजारच्या आजीबाईंना बँकेत कुणी न्यायचं, असं काही निघालं की लोक आपसूक त्याच्याकडं बघत. कलशेट्टी काका मोकळेच आहेत. दिसतंच आहे.

आणि महानंदा. तिच्या मनात साठलेल्या कितीतरी गोष्टी एकेक करून बाहेर यायला लागल्या.

"सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊ या का संध्याकाळी? काठानं थोडं चालीन म्हणते. तुम्ही दमलेले नसलात तर."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला त्यांत दमणूक दिसली नाही. ते तळ्यावर गेले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. तिला नाटकाचा प्रयोग बघायचा होता, बहिणीकडं अक्कलकोटला जायचं होतं, माळ्यावरची जुनी भांडी काढून पितळ घासून घ्यायचं होतं. एकदा ती तळ्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "किती वर्षं मी तुम्हाला काही म्हणतच नव्हते. दारात आलात की तुमचे डोळे बघायचे आणि म्हणायचे, आज नको. उद्या बघू. मला वाटायचं, माझ्या दुखण्यानंच तुम्हाला खाल्लं."

"छे, काहीतरीच," दिगंबर म्हणाला.

त्याचे पाय दुखत होते, मान दगडासारखी झाली होती, आणि पापणीच्या आत कुठंतरी एक ओढ सारखी खाली जाऊ बघत होती आणि जाऊ शकत नव्हती. पण तिच्या तोंडावर जे आलं होतं ते त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं. ते आपल्या एका वाक्यानं पुसून टाकायचं, हे त्याच्यानं झालं नाही.

*

हुसेन आणि दिगंबर यांची जोडी खोलीतली नव्हती. ती खऱ्या ट्रकवरची होती, सोलापूर ते हैदराबाद आणि कधीकधी थेट विजयवाडा. त्या काळच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. चाकावर बसलेल्याला झोप येते का असं कधी विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: नाही. झोप आली म्हणून स्वतःहून चाक देणारा ड्रायव्हर कुणी पाहिला नव्हता. ते बाईनं नवऱ्याचं नाव घेण्यासारखं होतं, तोंडातून यायचं नाही. म्हणून शेजारच्यानं आरशात पापणी बघायची. ती घसरायला लागली की काही न बोलता खांद्यावर हात ठेवायचा. चाकावरचा गाडी बाजूला घ्यायचा आणि दोघं जागा बदलायचे. त्यावर बोलणं व्हायचं नाही, आभारही नाहीत. ते दोघं आज जिवंत होते ते या रितीमुळं.

त्या दिवशी जेवणं आटोपून दोघं बसले होते. येडशीच्या घाटातून सोयाबीनचा एक ट्रक हाक मारत आला. उतारावर रस्त्याचं काम चालू होतं, यंत्र गोंधळलं होतं. दिगंबरनं चाक घेतलं. हुसेननं सवयीनं त्याच्याकडं बघितलं. पाठ ताठ, डोळे स्वच्छ, पापणी जागेवर. हुसेन वळला आणि थर्मासमधला चहा ओतायला लागला.

दिगंबरला रस्ता दिसत होता. मग रस्त्याची कड दिसत होती. मग ती कड पाण्याची झाली आणि महानंदा तिच्यावरून चालायला लागली, पदराचं टोक ओलं झालेलं, तरुणपणीसारखी भराभर. काठाकाठानं जाऊ, असं ती म्हणाली आणि तो तिच्या मागून काठाकाठानं गेला.

दणका चाकातून त्याच्या मनगटांत आला. ट्रकनं स्वतःचाच ब्रेक लावला होता, पण जरा उशिरा. पडद्यावर धूळ होती. धूळ बसली तशी एक हिरवी जाळी दिसली, मोडलेले बांबू, कलंडलेला उसाचा चरक आणि त्याला बांधलेले घुंगरू. रसवंती होती ती. बाकावर कुणी नव्हतं. रसवंतीवाली बाई रस्त्याच्या पलीकडं बर्फ आणायला गेली होती. ती आता परत आली होती, डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिचं पाणी कपाळावरून गळत होतं. ती ट्रकच्या रिकाम्या केबिनमध्ये वाकून माणूस शोधत होती. मग तिला कॅमेरा सापडला आणि ती त्यात बघत उभी राहिली.

दिगंबर तिच्या नजरेला नजर देऊन बसला होता. नजर खाली घालावी असं त्याला फार वाटलं.

चौकशी अर्ध्या दिवसात आटोपली. मास्तरची नोंद स्पष्ट होती: चालक पूर्ण जागा, डोळे उघडे. म्हणजे दोष ट्रकच्या बाजूच्या संवेदकाचा. रसवंती कंपनी पुन्हा उभारून देणार होती, ट्रक दुरुस्तीला गेला. निंबर्गी मॅडम म्हणाली, "काका, सुटलात."

बाहेरच्या टपरीवर हुसेननं चहाचा ग्लास दिगंबरच्या पुढं ठेवला, पण स्वतःचा उचलला नाही.

"तू होतास का तिथं?"

"कुठं?"

"येडशीच्या घाटात."

"होतो की."

हुसेननं आपला ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "मी मॅडमकडं जोडी बदलून मागितलीय. सोमवारपासून."

"हुसेन..."

"ऐक बे दिगू. तीस वर्षं मी तुझी पापणी वाचत आलोय. कुराणानंतर दुसरं काही एवढं नेमानं वाचलं असेल तर ते. आता त्या पानावर कुणीतरी छापील मजकूर चिकटवलाय. सगळा वेळ एकच. मी शेजारी बसून काय करू? चहा ओतू?"

"मग विचारायचं होतंस."

"विचारू?" हुसेन हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आत्ताच विचारलं की. काय म्हणालास?"

दिगंबरनं ग्लास खाली ठेवला. "धागा काढून टाकतो."

"मग मास्तर तुला काढेल. वहिनींचं काय करणार?"

दिगंबर फळीवरचा चहाचा डाग बोटानं पुसत राहिला.

"तोंड आहे ना तुला?" हुसेन उठत म्हणाला. "त्याला धागा नाही लावलेला. एकदा तोंडानं सांगून बघ. सोमवारच्या आत."

*

सोमवार लांब नव्हता. शुक्रवारी त्याच घाटातून दुसरा ट्रक हाक मारत आला. पाळी दिगंबरची होती. आदल्या संध्याकाळी अक्कलकोटहून परतायला उशीर झाला होता, सकाळी उठून त्यानं पितळेची भांडी पुसून फळीवर लावली होती, आणि आता पाळी संपल्यावर महानंदाला डायलिसिसला न्यायचं होतं. चाक हातात थरथरत होतं. उतार सुरू झाला. त्याला मोडलेल्या रसवंतीची जागा ओळखू आली. नवे बांबू उभे होते, हिरवी जाळी अजून लागायची होती, आणि ती बाई चरक पुसत होती.

रस्त्याच्या कडेला पाण्यासारखी चकाकी यायला लागली.

हुसेन शेजारी होता. तो दिगंबरकडं बघत नव्हता; बघून उपयोग नाही हे त्याला कळून चुकलं होतं. तो नुसता पडद्याकडं बघत होता, हात मांडीवर.

दिगंबरनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. आयुष्यभर जे वाक्य एकदाही उच्चारलं नाही, ते कुठून सुरू करायचं हेच त्याला कळेना. चकाकी जवळ आली.

"हुसेन," तो म्हणाला. "घे."

"काय?"

"घे चाक. मला झोप येतेय."

खोलीतल्या दोन-चार खुर्च्या वळल्या. हुसेनचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्यानं चाक धरलं, ट्रक खालच्या गियरमध्ये घेतला आणि बांबूंच्या बाजूनं अलगद काढला. पडद्यावर त्या बाईनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरक पुसायला लागली.

ट्रक सपाटीला लागला. मग हुसेननं डावा हात उचलून दिगंबरच्या खांद्यावर ठेवला, नेहमी ठेवायचा तसा. फक्त या वेळी तो उशिरा आला होता.

निंबर्गी मॅडम धावतच आली.

"काका, काय झालं? मास्तर तर म्हणतोय तुम्ही पूर्ण जागे आहात."

"त्या दिवशीही तो तसंच म्हणाला होता," दिगंबर म्हणाला. "मॅडम, त्या दिवशी मी झोपलो होतो. ट्रकची चूक नव्हती."

"तुमचे डोळे उघडे होते. मी स्वतः चित्रण बघितलंय."

"उघडे होते. मी नव्हतो."

ती खुर्चीवर बसली. तिच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती वर्तुळं दिगंबरला इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा दिसली. तिनं पडद्यावर नोंद उघडली आणि बराच वेळ बोट वर-खाली फिरवत राहिली.

"तोंडी सांगून चाक देता येतं, असा नियम आहे," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यापासून आहे. पण तो आजवर कुणी वापरलेला नाही, त्यामुळं पुढं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल. मागचंही कळवावं लागेल. धागा बसवलेले तुम्ही एकटे नाही आहात, काका. दुसऱ्या खोल्यांतूनही आहेत." तिनं कपाळ चोळलं. "निर्णय येईपर्यंत तुम्ही वैद्यकीय विश्रांतीवर. तोवर काकूंचा उपचार चालू राहील. निर्णय काय येईल ते मी सांगू शकत नाही."

"बरं," दिगंबर म्हणाला.

हुसेन पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, ते जोडी बदलायचं राहू द्या. हा येईल तेव्हा येईल. तोवर माझ्या शेजारी कुणी नसलं तरी चालेल."

*

डायलिसिसच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून आत आलं होतं. महानंदाचा एक हात यंत्राला जोडलेला, हलवायचा नाही असा, दुसरा मोकळा. यंत्र घरघरत तिचं रक्त बाहेर नेत होतं आणि धुऊन परत आणत होतं. दिगंबर स्टुलावर बसला. कामावर काय झालं ते त्यानं तिला सांगितलं नाही. कसं सांगायचं ते तो ठरवत होता.

"उद्या तळ्यावर जाऊ या का हो?" ती म्हणाली. "गुलमोहर आलाय म्हणे तिथला."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे टवटवीत होते.

"महानंदा," तो म्हणाला. दुसऱ्यांदा बोलायला सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते गेलं नाही. "मी दमलोय."

तिनं त्याचा चेहरा पुन्हा एकदा निरखला.

"आज?"

"आज नाही नुसतं."

"तळ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा?"

"तेव्हाही."

तिचा चेहरा उतरताना त्याला दिसला, आणि त्याला वाटलं, नको होतं सांगायला. आपण हिच्याकडून ते सगळं परत काढून घेतलं. तळं, नाटक, बहिणीचं घर. तो काहीतरी सावरायला गेला, "म्हणजे मला आवडलं नाही असं नाही..."

"कळलं," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण मोकळा हात एकच होता आणि तो तिनं त्याच्या शर्टाच्या खिशात घातला होता. चकती तो तिथं ठेवतो हे तिला माहीत होतं. "एवढे दिवस मला वाटत होतं, तुम्ही बरे झालात. जरा डोकं खाली करा."

"इथं? सिस्टर काय म्हणेल?"

"म्हणू दे. करा खाली."

त्यानं स्टूल पुढं ओढलं आणि तिच्या गादीच्या कडेवर कपाळ टेकवलं. तिनं चकती आधी एका कानशिलाला लावली, मग चाचपडत दुसऱ्या. आत कुठंतरी काहीतरी सुटलं. पापण्या खाली आल्या, हळूहळू, स्वतःच्या वजनानं.

तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. पलीकडून सिस्टर काही विचारायला आली, तिला तिनं मान हलवून परत पाठवलं.

"तळं काही पळून जात नाही," ती म्हणाली.

ते ऐकायला तो जागा नव्हता.